ओळीतली थांबण्याची जागा

अकोला, मंगळवार, डिसेंबर १९६७

मी तुरीची डाळ पाखडत होते, सुमन चुलीशी बसून ह्यांनी शिकवलेलं गाणं म्हणत होती. रोजच्यासारखीच सकाळ. तेवढ्यात अमरावतीचे गिटारवाले मास्तर आले. एवढा नावाजलेला माणूस माझ्या पोरीला गायला घेऊन रेकॉर्ड काढतोय. विजेची गिटार आणि वऱ्हाडी गाणं, असं कोणी केलेलं नाही म्हणे.

"पोरी, ओळीच्या मधात थांबते काहून? माझी गिटार लंगडून राहिली तिथं."

"बाबानं असंच शिकवलं. त्याले तुमची गिटार कुठं माहीत होती?"

"उद्या सलग गाय. नाही तं दुसरी पाहतो मी."

तेव्हापासून पोरगी जेवली नाही. मेलेल्या बापाचं गाणं मोडणार नाही म्हणते.

ती थांबण्याची जागा. सरकी काढायच्या जिनात राबून कापसाची धूळ छातीत बसली होती, म्हणून ओळीत तिथं ह्यांना धाप लागायची. लग्नाच्या वर्षी सलग गायचे, मी ऐकलंय. सुमनला तो आवाज माहीतच नाही. आणि माझ्याकडे तरी ह्यांचं आता काय आहे? तेवढी एक जागा. तीही मीच पुसू? आणि गप्प बसले तर पोरीचं काय?

बुधवारी सकाळी, रेकॉर्डिंगला जायला बडनेऱ्याच्या गाडीत बसण्याआधी, मी सुमनला त्या धापेचं सगळं सांगितलं.