सरदारांची मिशी

ती. विनायकमामा यांस,

नोएडाहून मानसचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात; वर्कशॉपच्या फरशीवर धूळ फार आहे). मामींची टाच आता बरी असेल. माझी तब्येत उत्तम. डोकं मात्र आई म्हणते तसंच, पटकन तापणारं.

कॉलेज मध्येच सोडलं म्हणून तुम्ही रागावलात, पण आता मी लेझर चालवतो. जुन्या पुतळ्यांवरची काजळी त्याने काढायची. काळं दिसलं की लेझर ते तापवून उडवतो, पांढऱ्या दगडाला काही करत नाही. हे मला स्वरूपाने शिकवलं. (स्वरूपा म्हणजे इथली मुख्य रिस्टोरर. संरक्षक गॉगल लावल्यावर ती कशी दिसते यावर दोन पानं लिहिली होती, वडीलधाऱ्यांचं पत्र म्हणून फाडली.)

तर तिचे बाबा पद्माकरकाका, दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात राहणारे मोठे सरकारी अधिकारी, घरचा संगमरवरी पुतळा घेऊन आले. पानिपतावर पडलेल्या त्यांच्या सरदार पूर्वजांचा. दर संक्रांतीला सरदारांना गाडीत बेल्ट लावून बसवतात आणि पानिपतच्या रणभूमीवरच्या स्मारकाला, काला अंबला, नेतात. स्वरूपाने मला बजावलं होतं, "फक्त खांदे आणि पाठ. मी येईपर्यंत चेहऱ्याकडे वळायचं नाही." मी बिल्कुल वळणार नव्हतो यार. पण काका मागे येऊन म्हणाले, "काय हो इंजिनियर, कॉलेज अर्धं सोडलंत, पुतळा तरी पुरा कराल ना?"

मामा, कानशिलं पेटली! लेझर वळला तो थेट चेहऱ्यावर. टिकटिक टिकटिक, धुराची बारीक रेघ, आणि सरदारांची अर्धी मिशी गायब. दगडात कोरलेली नव्हतीच ती. कुणीतरी कधीतरी काळ्या रंगाने काढलेली, आणि काका दर संक्रांतीआधी ब्रश घेऊन ती गिरवायचे! अर्धी मिशी बरी दिसेना, म्हणून मी (निव्वळ कलादृष्टीने) उरलेलीही उडवली.

काका मटकन खुर्चीत बसले. आता नोकरीही गेली आणि स्वरूपाही, असं धरून मी गॉगल काढून ठेवला. तेवढ्यात ती आली, पुतळ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, अहो हे तर हुबेहूब तुम्ही!" खरंच, तोच ओठ, तीच हनुवटी. काकांनी मोबाईलच्या कॅमेऱ्यात स्वतःचा गुळगुळीत चेहरा पाहिला, मग सरदारांचा, मग पुन्हा स्वतःचा. हळूहळू त्यांची छाती फुगली. आता ऑफिसात सगळ्यांना फोटो दाखवत फिरतात. स्वरूपाने मला मनसोक्त झापलं आणि मग स्वतःहून चहाला नेलं. रविवारी त्यांच्याकडे जेवायला बोलावलंय. एकूण सुखात आहे.

तुमचा,
मानस

ता.क. काका म्हणाले, घरातलं कुणी मोठं माणूस बोलायला येऊ दे. बाबा अजून कॉलेजवरून घुश्शात आहेत, तेव्हा तुम्हीच या.

ता.क. २ काकांची समजूत घालताना मी बोलून गेलो की अस्सल लढवय्या घराण्यांत मिशी ठेवतच नाहीत, आमच्या विनायकमामांनी जन्मात ठेवलेली नाही. तेव्हा निघण्यापूर्वी तेवढी कृपा करा. न्हाव्यापुढे बसायला जीव होत नसेल तर तसेच या. लेझर माझ्याकडे आहे, आणि मिशीवर हातही बसलाय.