घायपातावरचा नंबर

लालबाग,
३ ऑक्टोबर १९८३

शांतीच्या बाबांना,

सुभद्रेचा नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तिकडे भावोजी, जाऊबाई, मुलं सगळी खुशाल असतील.

तुमचं पत्र पोचलं. शांतीने मोठ्याने वाचलं आणि शेजारच्या कमळाबाईंनी दारात उभं राहून फुकटात ऐकलं. डेअरीवर दूध घालून सायकलने परत येताना पुलाच्या कठड्यावर रोज तोच सरडा बसलेला असतो, मैलाच्या दगडावर कुणीतरी झेंडूचं फूल ठेवून जातं, हे सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "गो सुभद्रा, तुझो घोव गिरणीत होतो की शाळेत मास्तर?" मलाही हसू आलं.

संप लागून गावी जाईपर्यंत वीस वर्षं तुम्ही ह्याच खोलीतून गिरणीत गेलात नि आलात, पण वाटेत काय दिसलं ते एकदाही सांगितलं नाहीत. सांगायला दम तरी कुठे असायचा? पाळीवरून यायचात ते केसांत कापूस नि छातीत खोकला घेऊन.

मी मसाल्याच्या दुकानात मिरच्यांचे देठ खुडायला जाते. हात झोंबतात, पण सवय झाली. शांतीचा फ्रॉक गुडघ्याच्या वर गेलाय.

मे महिन्यात तुम्ही मला कॅरिअरवर बसवून फाट्यापर्यंत नेलंत, ते सारखं आठवतं. लोक काय म्हणतील म्हणून मी पदर पुढे ओढून बसले होते आणि तुमचा दर चार पावलांवर ब्रेक! पिंपळाखालचा रांजण, त्याला दोरीने बांधलेला पेला. विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी. "ही गाठ बघ. आमच्या खात्यात एकाला जमायची नाही," म्हणालात. मी म्हटलं, अहो, एवढ्यात मी चालत पोचले असते.

घायपाताच्या कुंपणाशी मात्र तुम्ही थांबला नाहीत. उलट पायडल जोरात मारलंत. त्या पानांवर गावची पोरं आपापली नावं कोरतात. एका पानावर मला आकडा दिसला. तुमच्या बिल्ल्याचा नंबर. पगाराच्या पाकिटावर इतकी वर्षं वाचलेला नंबर मी विसरेन होय? तुम्ही बोलला नाहीत, मीही विचारलं नाही.

आता पुढचं भावोजींना किंवा जाऊबाईंना वाचायला देऊ नका.

नागपंचमीच्या सुमारास तुमच्या खात्याचे मुकादम, रामजी जॉबर, घरी आले होते. गिरणीत काही जुन्या माणसांना परत घेत होते. म्हणाले, "वहिनी, कुशाबाला तार करा. सोमवारी गेटवर पायजे. नाय आला तर त्याच्या जागेवर बदलीवाला घेतील, मग माझ्या हातात काय नाय."

मी चहा ठेवला आणि म्हटलं, "ते आता येत नाहीत."

"विचारलंत त्याला?"

"हो," म्हटलं.

विचारलं नव्हतं. सोमवार गेला, तुमची जागाही गेली.

रामजी बोलत होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फाट्याचा चढ होता. मला मागे बसवून तुम्ही तो अख्खा चढ चढलात आणि एकदाही खोकला नाहीत. मी मागे बसून तेवढंच ऐकत होते. वाटलं, गिरणी गेली तर जाऊ दे, माणूस राहू दे.

पण तो आकडाही मी पाहिला होता. पाहिला नसता तर मला काय ठाऊक, असं तरी म्हणता आलं असतं. गिरणी अजून तुमच्या मनातून गेली नाही हे ठाऊक असून मी परस्पर नाही म्हटलं. फार पस्तावा होतो हो. दुकानात मिरची खुडताना डोळ्यांना पाणी येतं, ते कशाचं हे कुणी विचारत नाही, एवढंच बरं आहे. आणि खरं सांगू? उद्या रामजी पुन्हा दारात उभे राहिले तर मी काय म्हणेन, ते माझं मलाच कळत नाही.

दिवाळीला आम्ही दोघी येतो. फाट्यावरून शांतीला भावोजींबरोबर बैलगाडीतून पुढे पाठवा, मला सायकलवरच न्या. ह्या वेळी त्या घायपाताशी थांबा. काय बोलायचं ते तिथे बोला, मी खाली उतरून ऐकून घेईन. बोलावंसं वाटलं नाही, तर मला तिथेच सोडून पुढे जा. मी चालत येईन.

तुम्हाला न विचारता 'नाही' म्हणालेली,
तुमची
सुभद्रा