गाडी काढून टाकण्याबाबत

८ नोव्हेंबर, शनिवार

रोजनिशी हा रिकाम्या लोकांचा उद्योग आहे, हे माझे मत बदललेले नाही. लिहिते आहे ते एवढ्यासाठी, की आज सकाळी माझी मोटारसायकल दारात सुरू झाली नाही. कुणाला तरी सांगायला हवे आणि घरात कुणी नाही. हे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नांदेडला, मृण्मयीकडे गेले आहेत. लेकीकडे गेले की लवकर परतत नाहीत.

गाडी सीडी हंड्रेड, सत्त्याण्णव सालची. तेव्हा औशात मोटारसायकल चालवणारी बाई मी एकटीच. भूकंपानंतर नव्याने वसलेल्या किल्लारीत शाळेवर होते, एसटीच्या भरवशावर राहणे जमले नसते. रिटायर झाले तरी दर शनिवारी तिथे स्कॉलरशिपचा वर्ग घेते. एकही चुकवलेला नाही.

आज जीपने गेले. पुढच्या सीटवर चौघांत. ड्रायव्हर माझाच विद्यार्थी. त्याने भाडे घेतले नाही, गाणी बंद केली आणि किल्लारी येईपर्यंत सगळी जीप ऑफ तासाला हेडमास्तर आल्यासारखी गप्प.

निष्कर्ष: गाडी म्हातारी झाली. काढून टाकायची. भावनेचा प्रश्न येत नाही.

९ नोव्हेंबर

रामलिंग मेकॅनिकला बोलावले. हाही माझाच, आठवी ब. त्याने चोक ओढून एक किक मारली. सुरू. त्याने बंद केली, मी मारली. ढिम्म. म्हणाला, बाई, गाडीला कायबी झालं न्हाई, लई भारी कंडिशन हाय. मग माझ्याकडून का होत नाही, असे विचारले. तो माझ्या उजव्या गुडघ्याकडे बघत राहिला, मग जमिनीकडे. म्हणाला, प्लग बदलून बघू का? वर्गातही असाच होता. उत्तर येत असून तोंड उघडायचा नाही.

गुडघ्याचा काही संबंध नाही. तो फक्त चढताना, उतरताना आणि थंडीत दुखतो.

११ नोव्हेंबर

गाडी द्यायची असल्याचे बाजारात सांगितले. अट एकच, माणूस लायक हवा. पहिला आला अडतीवरचा अण्णाराव. न विचारता सीटवर बसला, म्हणाला, मागं सोयाबीनचं पोतं बरोबर बसतंय बघा. उतरवला. दुसरा म्हणाला, बाई, तुमची गाडी आम्ही चालवायची म्हंजे काय वो, दसऱ्याला पुजा करू. मग घेतोस कशाला, म्हटले. म्हणाला, तुम्ही बोलावलं, न्हाई कसं म्हणावं?

गिऱ्हाइकांचा दर्जा फार खालावला आहे.

१४ नोव्हेंबर

लातूरला जाऊन इलेक्ट्रिक स्कूटर पाहिली. बटन दाबले की सुरू, पण आवाज नाही, त्यामुळे सुरू झाली हे कळत नाही. शोरूममधली लुंबिनी नावाची मुलगी. सुदैवाने माझी विद्यार्थिनी नाही. मला आजी म्हणाली. दुर्लक्ष केले. क्लच समजून डाव्या हाताने जे दाबले तो ब्रेक निघाला. तो सोडला तर स्कूटर सरळ ऑफरच्या बोर्डात. मुलगी म्हणाली, होतं आजी असं, पुढच्या टायमाला आजोबांना घेऊन या.

या यंत्राच्या रचनेतच दोष आहे. जुनी गाडी ठेवण्याचा विचार करते आहे. केवळ व्यावहारिक कारणाने.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी रामलिंग गल्लीतून सहज चालला होता. नव्या प्लगचा आवाज ऐकतो म्हणाला आणि गाडी सुरू करून दिली. म्हणजे दोष प्लगचा होता. मी पहिल्यापासून हेच म्हणत होते.

वर्ग उत्तम झाला. सुटल्यावर नेहमीप्रमाणे गुरुपादप्पा हजर. शाळेसमोर त्याचे किराणा दुकान आहे. बाई, एक किक मारू का वो, तेवढीच हौस. चाळिशी उलटली तरी हा पोरकटपणा. परवानगी दिली.

निर्णय: गाडी ठेवायची. अंतिम.

२० नोव्हेंबर, पहाटे

हे काल परत आले. काळा चष्मा, आणि महिनाभर वारा, धूळ, जोर सगळे बंद. आज पहाटे अंगणात किकचा आवाज झाला. चोर समजून काठी घेऊन गेले. पाहते तर हेच. मफलर, अंधारात काळा चष्मा, आणि शेजारी गाडी झकास चालू. थोडा वेळ चालू ठेवली, पुसली, बंद केली.

विचारले. म्हणाले, दोन वर्षं झाली, तू अंघोळीला गेलीस की रोज करतो, आज जरा घाई झाली. इंजिन गरम असलं की तुला अर्ध्या किकमध्ये जमतं. रामलिंगने शिकवलं. किल्लारीला वर्ग सुटायच्या वेळेला गुरुपादप्पाला सांगून ठेवलंय. नांदेडला जाताना रामलिंगला म्हटलं होतं, पहाटे येत जा. आला होता बिचारा पहिल्याच दिवशी, पण तू दारात उभी होतीस, तसाच माघारी फिरला.

मला सांगितले का नाही, असे विचारले. म्हणाले, अख्ख्या औशात तुला सांगणारा कोण आहे, नाव घे.

मला अर्थात अंदाज होताच.

तरी दोन वर्षे मी गावभर सांगत फिरले, की माझी गाडी अर्ध्या किकमध्ये सुरू होते. ऐकणारे सगळे हाव बाई, हाव बाई म्हणत होते. एकाला लाज वाटली नाही.

यांना ताकीद दिली: टाके सुटले तर मी बघणार नाही. यापुढे किक मीच मारणार.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मारली. गाडी सुरू झाली नाही. रामलिंग आला, त्याला मदतीची गरज नसल्याचे सांगून परत पाठवले. मग पायरीवर बसले ते उठता येईना.

वर्ग चुकला. पहिलाच.

दुपारी गुरुपादप्पाचा फोन. बाई, पोरं जेवायच्या टायमापस्तोर पाट्या धरून बसली होती. त्याला दोन वर्षांच्या लबाडीबद्दल चांगले झापले. म्हणाला, रागवा बाई, पण इथं येऊन रागवा.

२९ नोव्हेंबर, शनिवार

जीप भरेपर्यंत सुटेना. पोहोचले तर शाळेला कुलूप.

६ डिसेंबर, शनिवार

हाडाच्या डॉक्टरांना दाखवले. म्हणाले, किक कायमची बंद. मान खाली घालून म्हणाले. दहावी अ, दुसरा बाक. वर्गाची वेळ यातच गेली.

दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला हवे. माझ्या हाताखालून न गेलेला सापडला पाहिजे.

१८ डिसेंबर

यांच्या डोळ्याची तपासणी झाली. स्वच्छ दिसते, गाडी चालवायला हरकत नाही, असे सांगितले म्हणे. डॉक्टरांना हे विचारायची गरजच काय होती? तर म्हणाले, शनिवारी मी नेतो तुला किल्लारीला. म्हटले, तुम्हाला चालवता कुठे येते? त्यांनी पाकिटातून लायसन्स काढले. चालू मुदतीचे! दर वेळी नूतनीकरण करून आणत होते. म्हणाले, इतकी वर्षं मागं बसलोय, रस्त्यातला खड्डान्‌खड्डा पाठ आहे. तू कुठे गिअर चुकतेस तेही.

प्रस्ताव फेटाळला. मागे बसणे माझ्या स्वभावात नाही. शनिवारी चालत निघायचे, वाटेत काही ना काही मिळेल. हे पक्के.

२० डिसेंबर, शनिवार, सकाळी

चालत कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. थंडी फार आहे.

यजमान रेणुकादास यांच्या ताब्यात दिले ते असे: चावी, दोन्ही. आरसी बुक. विम्याचा आणि पीयूसीचा कागद. टूलकिट, पान्यासह. पुसायचे फडके. हेल्मेट दिले नाही, ते त्यांना होत नाही. व्यवस्था तात्पुरती, असे तोंडी बजावले.

मिळाल्याची सही मागितली. त्यांनी गाडी सुरू केलेली होती. मागे न बघता म्हणाले, बाई, बसा आधी, पोरं थांबली असतील.

बसले.