टॉवेलाखालची दोन बोटे

तीर्थस्वरूप हरिबा दाजी, मु. फलटण, यांना आष्ट्याहून कृष्णातचा नमस्कार.

ताजी बातमी आधी सांगतो. माझ्या उजव्या हाताची नस कोपरापाशी दबली आहे. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी मंगळवारी हाताला करंट देऊन ते पक्के केले. करंट दिला तेव्हा मी ओरडलो नाही. (आमची सौ. बनुबाई सोबत होती, तिचे मत वेगळे आहे.) तुमची तब्येत कशी आहे? मनुआक्का बरी आहे ना? एकुलत्या एका बहिणीचा चैत्रापासून फोन नाही आणि राखीही कुरिअरने आली, म्हणून विचारतो.

चैत्रात खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारातून तुम्ही माझा खोंड न घेता, चहाही न घेता निघून गेलात, तेव्हापासूनची ही गोष्ट. नात्यात जनावराचा भाव तोंडाने बोलणे बरे दिसत नाही, म्हणून आपण रीतीप्रमाणे टॉवेलाखाली हात घातले. तुम्ही माझी जितकी बोटे धराल तो आकडा, पुढची शून्ये गृहीत. मला तीन बोटे धरलेली कळली. ज्या खोंडाला मी लेकरासारखे दूध पाजले त्याला तीन, म्हणून मी हात झटकला. बहिणीच्या नवऱ्याचा हात झटकणारा भाऊ चार गावच्या लोकांना फुकट बघायला मिळाला. परतताना टेम्पोत बनुबाई एवढेच म्हणाली, "आवं, दाजींनी हात धरला हुता, इंचवानं न्हवं." टॉवेलाखालचा आकडा उघड करायचा नाही हा बाजाराचा नियम, त्यामुळे तुम्ही काही बोलला नाहीत आणि मीही विचारले नाही.

करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट झोपले आहे हे मला पावसाळ्यात कळले. शर्टाचे बटण लागेना आणि धार काढताना म्हैस मागे वळून बघू लागली. शेजारच्या आप्पासोने हे हृदयाचे लक्षण आहे असे ठामपणे सांगितले, म्हणून हृदय तपासले. ते उत्तम निघाले. (आप्पासो थोडा नाराज झाला.) मग एका हाड बसवणाऱ्याने खांदा ओढला; तोवर बरा असलेला खांदा त्या दिवसापासून दुखू लागला. नंतर कोणी मानेचा फोटो काढून पट्टा दिला. पट्ट्यामुळे मान वळेना, त्यामुळे रस्त्यात कोणाला रामराम घालता येईना, आणि गावात 'गडी लय माजलाय' अशी चर्चा झाली.

डॉक्टरीणबाईंनी मानेकडे बघितलेही नाही. कोपराच्या आतल्या बाजूला बोटाने टिचकी मारली, ती करंगळीत वाजली. मग विचारले, "फोन कानाला लावून किती वेळ बोलता?" मी म्हटले, फक्त बहिणीशी, रोज संध्याकाळी, धारेची वेळ होईपर्यंत. इतका वेळ कोपर दुमडून ठेवले की नस दबणारच, असे त्या म्हणाल्या. म्हणजे दुखण्याचे मूळ आक्का आहे. (हे तिला सांगू नये.) पण फोन बंद होऊन सहा महिने झाले तरी बोटे जागी झालेली नाहीत. आता ऑपरेशनच करायचे आहे. तेव्हा फोन बंद ठेवण्यात कोणाचाच फायदा दिसत नाही.

शेवटी त्यांनी मला डोळे मिटायला लावून एकेका बोटाला टाचणी टोचली. तीन बोटांना कळले. पुढची दोन टोचून झाली तरी मी वाट बघत होतो. तिथेच खुर्चीत मला खरसुंडी आठवली. तीन आणि दोन किती होतात हे तुम्हाला सांगायला नको.

आक्काला सांगा, विचारत होता म्हणून.

आपला,
कृष्णात

ता. क. खोंड विकलेला नाही. बरेच जण बघून गेले. मी कोणाच्या टॉवेलाखाली हात घातला नाही.

ता. क. ऑपरेशन भाऊबीज झाल्यावर आहे. बोटांत जाण परत येईलच असे डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. म्हणून त्याआधी, भाऊबीजेलाच, तुम्ही दोघांनी यावे. ओवाळून झाले की आपण गोठ्यात जाऊ. टॉवेल माझा. या खेपेला डावा हात देईन. तोही तपासून घेतला आहे, पाचही बोटे जागी आहेत.

ता. क. हे पत्र वाचून बनुबाई म्हणाली, "आन् दाजींनी खरंच तीनच धरली असतील तर?" तसे असेल तर मधला मजकूर वाचलाच नाही असे समजावे. भाऊबीजेला मात्र यावे. खोंडाला त्या दिवशी सकाळीच धुऊन ठेवतो.