डाव्या बाजूची खूण

वर्धा, ६ नोव्हेंबर २०२४

ती. कृष्णकांतदादास,
इलाचा सा. न. वि. वि.

टाळूचं ऑपरेशन नीट झालं, हे वहिनींकडून कळलं. दोन आठवडे बोलायचं नाही आणि सुजलेल्या डोळ्याला मोबाइल दिसत नाही, म्हणून हे पत्र मोठ्या अक्षरात, डब्याच्या पिशवीतून. माझ्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबते, म्हणून मला वॉर्डात यायला बंदी आहे, नाहीतर उशाशीच बसले असते.

जन्मभर लोकांच्या टोमॅटोवरचा करपा ओळखणाऱ्या कृषी सहायकानं वाढलेली साखर आणि दुखणारं नाक अंगावर काढावं? काळी बुरशी टाळूपर्यंत गेली तरी तू केळझरला वांग्यांत उभा. कोणतं इंजेक्शन देतात ते लिही. अक्षर लागेल असं काढ. माझ्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातल्या सिस्टर तुझ्या पत्रांतल्या अक्षराला अजून हसत असतील.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी इला

दवाखाना, ९ नोव्हेंबर

चि. इलास अनेक आशीर्वाद.

डॉक्टर मोनालीनं कागदावर तीन बाटल्या काढून समजावलं. पहिली जुनी अँफोटेरिसिन. बुरशीवर जालीम, पण हुडहुडी भरते आणि किडनीला जड. दुसरी तेच औषध, चरबीच्या बारीक कणांत गुंडाळलेलं. किडनीला पुष्कळ सोसतं, म्हणून जास्त देता येतं. तिसरी आयसाव्हुकोनॅझोल, किडनीला सौम्य, पण ती या दोन्ही झेपल्या नाहीत तर. दुसरी मागवली आहे, यायला आठवडा. तोवर बुरशी थांबणार नाही आणि रक्ताचा रिपोर्ट चांगला, म्हणून पहिली सुरू केली. रोज थरथरतो. किडनीचं माप, क्रिएटिनिन, एक पूर्णांक एकचं एक पूर्णांक आठ झालं.

बाटलीवर ग्लुकोज वाचून तुझी वच्छलावहिनी नर्सशी भांडली, साखरेच्या माणसाले साखर काऊन देऊन राह्यल्या म्हणून. हे औषध मिठाच्या पाण्यात साका धरतं, ग्लुकोजातच चालतं, असं कळल्यावर आता थेंब मोजत बसते.

काळजी करू नको. गोळ्या वेळेवर घे.
दादा

वर्धा, १० नोव्हेंबर

ती. दादास, सा. न.

रिपोर्ट चांगला, पण तो एका किडनीचा आहे, हे तू सांगितलं नाहीस. भरतीच्या दिवशी पूर्वीचं ऑपरेशन विचारलं, तेव्हा मी वहिनींच्या शेजारी उभी होते. त्या नाही म्हणाल्या आणि घाबरलेल्या मलाही ते खटकलं नाही. आज विचारलं तर म्हणाल्या, "तुमच्यापुढं कशी बोलू? यायनं शपथ घातली हाये."

एकोणीस वर्षं तुझा हा नियम: इलासमोर किडनीचं नाव काढायचं नाही, तिला उपकार वाटेल. फार प्रेमाचा नियम होता, पण मी तो मोडला. हे लिहिण्याआधीच डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. रागावायचं तर रागाव.

इला

दवाखाना, १८ नोव्हेंबर

चि. इलास आशीर्वाद.

आठवडाभर रागावलो होतो, म्हणून लिहिलं नाही. तुझ्या फोननंतर पहिली बाटली बंद केली आणि दुसरी त्याच संध्याकाळी माणूस पाठवून नागपूरहून आणवली. हुडहुडी नाही. क्रिएटिनिन दोनपर्यंत चढून आता दीडवर आलं. डॉक्टर मला आणि वच्छलेला सारखंच रागावल्या. डाव्या बाजूची खूण त्यांनी पाहिली होती, पण शेतात पडलो होतो अशी थाप मी मारली होती. आता फाइलवर लाल अक्षरात लिहिलं आहे: एकच किडनी, दुसरी बहिणीस दिली. येणारा जाणारा वाचतो.

दादा

वर्धा, २७ नोव्हेंबर

ती. दादास, सा. न.

नव्या तपासणीत बुरशी दिसली नाही आणि पुढचं औषध गोळ्यांवर, हे ऐकून वहिनींनी इथे येऊन माझ्या ओट्याशी बसून भाकर खाल्ली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर.

माझीही महिन्याची तपासणी झाली. तुझं तिकडचं क्रिएटिनिन एक पूर्णांक तीन, इकडचं एक पूर्णांक एक. धाकटीनं तुझी किडनी तुझ्यापेक्षा चांगली राखली आहे, एवढं कबूल कर.

घरी ये आणि बोल.
इला