पाकोळी कोणती?

आई, तुला पाकोळ्यांमधला फरक खरंच माहीत होता का, हा संशय मला अजून आहे. खडवलीच्या आपल्या स्वयंपाकघरात दिवेलागणीला काहीतरी फडफडत शिरलं. मी केरसुणी उचलली, तर तू माझं मनगट धरलंस. "पाकोळी आहे ती. मारायची नाही." मी विचारलं, "म्हणजे फुलपाखरू की वटवाघूळ?" "पाकोळी म्हणजे पाकोळी. तू भात बघ, करपतोय." तू दोघांनाही पाकोळीच म्हणायचीस. मी तेव्हा नववीत. मला वाटलं, उत्तर येत नाही म्हणून आई ओरडते.

आता मी कोलशेतला असते. सोसायटीच्या कोपऱ्यात औदुंबर आहे, दर गुरुवारी मी त्याला प्रदक्षिणा घालते. संध्याकाळी त्यावर कुत्र्याच्या तोंडाची वटवाघळं येतात, उंबरं खातात आणि चोथा खालच्या गाड्यांवर थुंकतात. म्हणून झाड तोडायचं ठरलं, सह्यांचा कागद फिरला. शेजारीण तो घेऊन दारात उभी. "काकू, करा सही. रोग पसरवतात मेली."

"आणि फुलपाखरं गं?"

"ती काय करतात बिचारी? माझी मुलगी फोटो काढते त्यांचे."

मी सही केली. झाडाखालच्या पादुकांवर एकदा चोथा पडलेला पाहिला होता, तेव्हापासून ती वटवाघळं माझ्या मनातून उतरली होती.

मग कढीपत्त्याचं झालं. एक काळं-पिवळं फुलपाखरू कुंडीवर घिरट्या घालायचं, मी कौतुकाने बघत बसायचे. पानांवर चिमणीची शीट दिसायची, म्हटलं वाळून पडेल. एका सकाळी ती शीट चालायला लागली! आठवड्याभरात हिरव्यागार अळ्या, आणि फोडणीला पान नाही. म्हणजे सोंग कोणी घेतलं, सांग. वटवाघूळ समोरून येतं, खातं, घाण करतं, लपवत काही नाही. त्याच्या त्या चोथ्यात बिया असतात; कुंपणाच्या भेगेत उंबराचं रोप आलंय, ते काही सोसायटीने लावलेलं नाही. तरी त्या अळ्याही माझ्याने चिरडवेनात. तुझा हात मनगटावर असल्यासारखं होतं.

सेक्रेटरींकडे गेले. "माझं नाव काढा."

"का हो काकू? सही तुमचीच ना?"

"चष्मा नव्हता तेव्हा. मला वाटलं, टाकी धुण्याचा कागद आहे."

"टाकी गेल्याच महिन्यात धुतली की!" ते हसले, पण नावावर रेघ मारली. सगळ्यांच्या सह्या असल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही, त्यामुळे झाड अजून उभं आहे. शेजारीण आता जिन्यात माझा हात धरते, काकूंना दिसत नाही म्हणून.

तू आता नाहीस, म्हणून हे पत्र दत्ताच्या तसबिरीमागे ठेवणार होते, पण हात होईना. चष्मा होता, आई. नाकावरच होता. औदुंबर तोडायचा, हे मी दोनदा वाचलं आणि मग सही केली.