तिसरी हाक

आप्पा, तुमचा फोन शेवटी मी उघडला. स्क्रू काढून नव्हे, तसा तर बॅटरी बदलायला किती तरी वेळा उघडलाय. कंपनीने फोनच्या आत जे कुलूप घातलेलं असतं, ते तोडलं. दुकानात आम्ही त्याला जेलब्रेक म्हणतो. तुम्ही असतात तर पहिलं विचारलं असतंत, "कुनाच्या परवानगीनं?" कालव्यातून शेताकडे जाणाऱ्या चारीच्या गेटचं कुलूप कुणी फोडलं की असंच विचारायचात आणि समोरच्याची बोबडी वळायची. पाटकऱ्याची नोकरी ती केवढी, पण कालव्याला पाणी सुटलं की कुणाच्या शेतात कधी वळवायचं, यात अख्ख्या शिवारात तुमचा शब्द चालायचा.

फोन मीच दिलेला. सोनईत मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकल्यावर हाताला लागलेला पहिला बरा सेकंडहँड सेट. "एवढा भारी फोन घिऊन चिखलात जायाचं व्हय?" म्हणून माझ्यावर चिडलात आणि त्याच संध्याकाळी चुलीपाशी तो मांडीवर घेऊन बसलात. त्यात आपल्याच आवाजाचा गजर लावायचं एक ॲप होतं. तुम्ही ताठ बसलात, सभेत बोलायला उठल्यासारखा घसा खाकरलात आणि मला उठवायची हाक त्यात रेकॉर्ड केलीत. "ए माये... ए माये... ए माये, ऊठ." आई इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. ती भाकरी तुम्हीच खाल्लीत, वर चांगली झालीय म्हणालात.

हाका तीनच मारायच्या, हा तुमचा नेम. पहाटेच्या अंधारात बांधावर उभं राहून ज्याची पाण्याची पाळी असेल त्याला उठवायचं, आणि आपल्याकडे एका हाकेला कुणी ओ देत नाही. एकटी हाक माणसाची नसते म्हणतात. म्हणून तिसऱ्या हाकेपर्यंत लोक अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहायचे. मी लहान असताना तुमच्याबरोबर उसाच्या कडेला गेले होते, भर दुपारी. उसातून मला हाक आली आणि मी मोठ्याने ओ दिली. वळून बघते तर तुम्ही माझ्या मागेच, बांधावर, भाकरीचं फडकं सोडत होतात. तुमचा चेहरा तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. "कुनाला ओ दिलीस?" तुम्हीच बोलावलं ना, असं मी म्हणाले, तर माझं तोंड हाताने दाबून धरलंत. "तिसरी येस्तवर गप ऱ्हायाचं. माणूस आसंल तर तिसऱ्यांदा बोलावतोच." घर येईपर्यंत तुम्ही माझा हात सोडला नाही. मनगट दुखत होतं.

आणि तुम्ही गेलात ते याच नेमापायी. चारीच्या गेटापाशी छातीत कळ आली असणार. ज्याची पाळी होती त्याची वस्ती हाकेच्या अंतरावर. दहाव्याला तो आपल्या ओट्यावर बसून लेकरासारखा रडला. "दोन हाका ऐकल्या म्या, ताई. तिसरीची वाट बघत बसून ऱ्हायलो. लई येळ बसलो. तिसरी आलीच न्हाई." मी त्याच्याशी कित्येक वर्षं बोलले नाही. अजूनही तो बाजारात दिसला की माझ्या पोटात आग पडते. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, हे मला कळतं. कळून आग विझत नाही.

तेव्हापासून तुमचा फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे, कायम चार्जिंगला. गजर मी बंद केला नाही, आईने करू दिला नाही. रोज सकाळी तुम्ही हाका मारता, तिसऱ्या हाकेला आई म्हणते, "ओ, उठली हो ती," आणि मग गॅस पेटवते. पाहुणे दचकतात. आम्हाला त्यात काही वाटेनासं झालं होतं. पण गेल्या पावसाळ्यापासून फोन मधेच गोठायला, हँग व्हायला लागला. आवाज जपून ठेवावा म्हणून एका सकाळी मी माझा मोबाईल शेजारी ठेवून रेकॉर्ड केलं. दुकानात जाऊन ऐकलं. दोन हाका. मग थोडी शांतता. मग आईची ओ. पुन्हा रेकॉर्ड केलं, पुन्हा तेच. आणि तिथेच उभी राहून माझ्या दोन कानांनी मी तीन ऐकल्या होत्या.

जेलब्रेक करून द्या म्हणत कॉलेजची पोरं दुकानात येतात, तेव्हा मी मास्तरीण होते. फायदा सांगते: फोन खरा तुमचा होतो, कंपनी देत नाही ती ॲप टाकता येतात, जुना सेट अजून थोडा ओढता येतो, आतली कुठलीही फाईल बघता येते. मग तोटा सांगते: जी भिंत तुम्हाला अडवते तीच चोरालाही अडवत असते, ती पाडल्यावर दोघांनाही वाट मोकळी. बँकेची ॲप रुसतात. आणि काम मधेच फसलं तर फोन कायमचा बंद, हातात दगड उरतो. ज्या फोनवर तुमचे पैसे आहेत त्याला हे करू नका, असं सांगून निम्म्यांना परत पाठवते. तुमच्या फोनला यातलं काहीच लागू नव्हतं. ना सिम, ना बँक. धोका एकच, तो पुन्हा सुरू न होण्याचा. फायदाही एकच. ते ॲप बनवणारे धंदा गुंडाळून गेले, त्यामुळे मूळ आवाज बाहेर काढायचा दुसरा मार्ग नाही. आवाज वाचवायचाय, असं मी स्वतःला बजावत होते. खरं म्हणजे मला बघायचं होतं, तिसरी हाक आत आहे की नाही.

आईला ते लगेच कळलं. "तुला तीन ऐकू येत्यात ना? मंग कशाला त्याच्या पोटात शिरती?"

"उद्या आपोआप बंद पडला तर?"

"पडंल तवा पडंल. तू पाडू नगं."

मग एका सकाळी फोन गोठलेलाच राहिला, हाका आल्याच नाहीत. आई दिवसभर जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने तो तुमच्या रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला. "आवाज तेवढा ऱ्हाऊ दे," म्हणाली.

दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. फोन बऱ्याच खटपटीने सुरू केला, केबलने लॅपटॉपला जोडला.  कुलूप तुटलं. ॲपचं फोल्डर सापडलं, त्यात तुमची एकच फाईल. आधी कॉपी केली, मग ऐकली. घसा खाकरलात. "ए माये... ए माये..." नंतर चुलीतल्या लाकडाचा तडतड आवाज, आईचं हसू, आणि फाईल संपली. कुठे तुटलेली नाही, अर्धवट नाही. पुरी ऐकली, कितीदा ऐकली. आई हसते त्याच्या आधी तिसरी हाक असायला हवी होती. आम्ही दोघींनी ती त्या संध्याकाळी ऐकली होती, आप्पा. एवढ्यात फोन आपोआप रिस्टार्ट झाला, कंपनीच्या चिन्हावर अडकला आणि तिथेच राहिला. मला येतं ते सगळं केलं. दगड.

आई ओरडेल, असं धरूनच घरी गेले. ती लॅपटॉपशी कान लावून बसली. "ह्या दोनच हायेत," म्हणाली. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं."

दुसऱ्या सकाळी फळी रिकामी. फोन दुकानाच्या खणात, सोनईत. आई गॅसपाशी उभी, मी दात घासत होते. मागच्या दाराबाहेरून, चारीच्या अंगाने, तुमचा आवाज आला. "ए माये, ऊठ."

एकच.

आईचा हात गॅसच्या बटणावर तसाच राहिला. ती माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाली, "एकच हाय. ओ दिऊ नगं." तेव्हापासून रोज येते. आई त्या वेळी नळ मोठा सोडते. तुम्ही शिकवलेलं ती मोडणार नाही, आणि डोळे पुसायला पदर मात्र रोज लागतो.

हे लिहिलेलं तुमच्या रुमालात, त्या फोनबरोबर खणात ठेवतेय. पाठवायचं कुठे हा प्रश्नच आहे, आणि तुम्ही फार लांब आहात असं आता मला वाटतही नाही. एक राहिलं. तिसरीची वाट न बघता त्या पहाटे कुणीतरी उठायला हवं होतं, असं मी इतकी वर्षं मनात म्हणत आले. आज आई न्हाणीत होती. हाक आली. मी मागचं दार उघडलं आणि ओ दिली. आईला अजून सांगितलेलं नाही.